केमॅलॉकमध्ये स्ट्रक्टचं नाव लिहायचं की पॉइंटरचं?

प्रश्न : सातपूरला एका कंपनीत लिनक्स ड्रायव्हर लिहितो. केमॅलॉकने (कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, मेमरी मागायचं फंक्शन) मेमरी घेताना सीनियर म्हणतात साइझऑफमध्ये (किती बाइट लागतात ते सांगणारा ऑपरेटर) स्ट्रक्टचं (अनेक फील्ड एकत्र बांधलेल्या टाइपचं) नाव नको, स्टार लावून पॉइंटर (मेमरीचा पत्ता ठेवणारा व्हेरिएबल) लिही. बाइट तर तेवढेच मिळतात ना? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आज तेवढेच मिळतात हो, पण सहा महिन्यांनी कोणीतरी वर पॉइंटरचा टाइप बदलतो, खाली केमॅलॉकच्या ओळीत जुन्याच स्ट्रक्टचं नाव राहतं, आणि केमॅलॉक व्हॉइड पॉइंटर देतो, म्हणजे कुठल्याही टाइपच्या पॉइंटरमध्ये चालणारा, त्यामुळे कंपायलर बहुतेक वेळा गप्प बसतो, मग कमी मेमरी घेऊन आपण शेजारच्या ऑब्जेक्टवर लिहीत सुटतो. साइझऑफमध्ये स्टार पी (पी म्हणजे तुमचा पॉइंटर) लिहिलं की साइझ आपोआप बदलतो. कर्नलची कोडिंग स्टाइलसुद्धा हेच सांगते, आणि केमॅलॉकच्या रिटर्न व्हॅल्यूला कास्ट (टाइप बदलून घेणं) लावू नका हेही. फक्त स्टार विसरू नका, नाहीतर 64 बिटवर नुसते पॉइंटरपुरते 8 बाइट मिळतील.

ॲरेसाठी मात्र संख्या गुणिले साइझ असा हाताने गुणाकार अजिबात करू नका, हे मी कळकळीने सांगतोय. 32 बिट मशीनवर 268435456 गुणिले 16 केलं तर उत्तर 32 बिटांत मावत नाही (ओव्हरफ्लो) आणि शून्य येतं, आणि केमॅलॉकला शून्य दिलं तर तो नल (मेमरी मिळाली नाही याची खूण) देत नाही, म्हणजे तुमचा नल चेकही पास! केमॅलॉक_ॲरे किंवा केकॅलॉक वापरा, ते ओव्हरफ्लो झाला की सरळ नल देतात. स्ट्रक्टच्या शेवटी फ्लेक्सिबल ॲरे (लांबी आधी न ठरवलेला) असेल तर साइझ काढायला स्ट्रक्ट_साइझ वापरा. सीनियरचं ऐका, बरोबर सांगतायत.