तरुण ताऱ्याचं वस्तुमान काढताना आधी तबकडीचा कल बघ

तापमान आणि तेजस्विता घेतलीस, एच-आर आकृतीवर (तापमान आणि तेजस्वितेचा आलेख) बिंदू टाकलास, जवळच्या उत्क्रांतीरेषेवरून (ठरावीक वस्तुमानाचा तारा या आलेखावर काळाबरोबर कसा सरकतो, ते दाखवणारी मॉडेलची रेषा) वस्तुमान वाचलंस. चूक नाही, पण तो आकडा ताऱ्याचा कमी आणि मॉडेलचा जास्त. तरुण ताऱ्यांवर डागांचा सुळसुळाट असतो, चुंबकीय क्षेत्रं जबर असतात. कमी वस्तुमानाच्या ताऱ्यांना साधी मॉडेल्स बरेचदा हलकं ठरवतात.

म्हणून शक्य तिथे ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या तबकडीला विचार. चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने कार्बन मोनॉक्साइडच्या रेषेत वायूचा वेग मोजता येतो, आणि वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या भागिले जी (गुरुत्व स्थिरांक), की झालं वस्तुमान! केपलरचाच हिशोब. फक्त दिसतो तो वेगाचा आपल्या दिशेचा भाग, त्यामुळे हाती येतं वस्तुमान गुणिले साइन वर्ग कल. कल म्हणजे तबकडी आपल्या नजरेला किती तिरपी आहे तो कोन; अगदी समोरून दिसली तर शून्य. इथेच नवखे फसतात. टीडब्ल्यू हायड्री या तरुण ताऱ्याची तबकडी आपल्याला जवळजवळ समोरून दिसते. तिथे कल ६ ऐवजी ७ अंश धरलास, तर वस्तुमान पाव हिश्श्याहून जास्त घटतं. तीच १ अंशाची चूक ६० अंशांवर जेमतेम २ टक्क्यांची. तेव्हा पहिल्या सरावाला तिरपी तबकडी निवड, हौस नंतर.

अंतर गाया या अंतराळ दुर्बिणीने मोजलेलं घे. त्रिज्या अंतरावरूनच ठरते. जुन्या अंतरावर काढलेलं वस्तुमान अंतराच्याच प्रमाणात बदलून घ्यावं लागतं.

पडताळ्याला व्ही४०४६ सॅजिटेरी घे. २.४ दिवसांत एकमेकांभोवती फिरणारी ताऱ्यांची जोडी, भोवती तबकडी. कक्षेवरून आणि तबकडीवरून, दोन्हीकडून दोघांच्या वस्तुमानांची बेरीज सूर्याच्या सुमारे १.७५ पट. तुझा प्रोग्रॅम एवढं देत नसेल, तर आधी तोच तपास.