‘प्रकाशसंश्लेषण’चा विग्रह, आणि ‘दर’ की ‘वेग’

प्रश्न असा आहे: ‘प्रकाशसंश्लेषण’चा विग्रह ‘प्रकाशाचे संश्लेषण’ असा करायचा का? आणि ते कमीजास्त होतं तेव्हा त्याचा ‘दर’ म्हणावा की ‘वेग’?

‘प्रकाशाचे’ ही षष्ठी नको. ‘प्रथिनसंश्लेषण’ म्हणजे प्रथिनांचं संश्लेषण, प्रथिनं तयार होणं. त्याच चालीवर ‘प्रकाशाचे संश्लेषण’ म्हणजे प्रकाश तयार करणं. ते काजव्याचं काम, झाडाचं नव्हे. इथे तृतीया हवी: प्रकाशाने घडवलेलं संश्लेषण. दोन्ही शब्द एकाच साच्यातले दिसतात, पण समास विभक्ती गिळून बसतो आणि आपण फसतो.

आता ‘संश्लेषण’. धातू ‘श्लिष्’, म्हणजे चिकटणं, बिलगणं. आश्लेष त्यातलाच, एका शब्दाला दोन अर्थ चिकटतात तो श्लेषही त्यातलाच, आणि कफाला ‘श्लेष्मा’ म्हणतात तेसुद्धा त्याच्या चिकटपणामुळे. ‘वि’ लागला की सुटं करणं, ‘सम्’ लागला की एकत्र जोडणं. झाड जोडतं ते कार्बन डायऑक्साइडमधले कार्बन अणू. त्यांना पाण्यातला हायड्रोजन मिळतो आणि साखर बनते. ‘पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर’ ही शाळेतली उपमा मला म्हणूनच कधी पटली नाही. शिजवताना मोठ्या रेणूंची वीण बहुतेक करून सैल होते किंवा मोडते. इथे लहान रेणूंपासून मोठे घडतात.

गंमत अशी की प्रकाश स्वतः जे करतो ते जवळजवळ ‘विश्लेषण’च आहे. हरितद्रव्य प्रामुख्याने लाल आणि निळा प्रकाश शोषतं आणि त्या ऊर्जेवर पाण्याचा रेणू फुटतो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन या फुटलेल्या पाण्यातला, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे. मिळालेली ऊर्जा एटीपी आणि एनएडीपीएच या रेणूंत साठते. जोडाजोड होते ती पुढच्या टप्प्यात, विकरांच्या, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या हातून, आणि तिला प्रकाश थेट लागत नाही. काही पुस्तकं या टप्प्याला ‘अंधारातली अभिक्रिया’ म्हणतात. त्यावरून ती रात्री चालत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तिची सगळी रसद प्रकाशातूनच येते, त्यामुळे अंधार झाला की तीही लवकरच थांबते. नाव बदलायला हवं.

मूळ इंग्रजी शब्दही सरळ रुळला नाही. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बार्न्स यांनी 1893 मध्ये दोन शब्द सुचवले होते, ‘फोटोसिंटॅक्स’ आणि ‘फोटोसिंथेसिस’. त्यांची पसंती पहिल्याला होती, लोकांनी उचलला दुसरा. सिंटॅक्स म्हणजे पदांची मांडणी, वाक्यरचना. त्यांच्या मनासारखं झालं असतं तर आपण आज कदाचित ‘प्रकाशविन्यास’ म्हणत असतो. मला तोही चालला असता.

तृतीयेचा विग्रह नीट बसला की प्रश्नाचा दुसरा भागही सोपा होतो. प्रकाश हे साधन आहे, माल नाही. मंद उजेडात साधनच अपुरं, म्हणून उजेड वाढेल तसं काम वाढतं. पण एका मर्यादेनंतर कितीही उजेड ओता, काम तिथेच अडतं, कारण आता अडसर दुसरीकडे असतो: हवेत जेमतेम 0.04 टक्के असलेला कार्बन डायऑक्साइड, किंवा तापमान. जे सगळ्यात अपुरं त्याच्यावर काम अडतं, हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्लॅकमन यांनी 1905 मध्ये मांडलं. मंद प्रकाशात तापमान वाढवून फारसा फरक पडत नाही, भरपूर प्रकाशात मात्र पडतो. कारण तेव्हा खोळंबा विकरांपाशी असतो आणि ऊब मिळाली की विकरं झपाट्याने काम करतात. अर्थात ऊब फार झाली की तीच बिघडतात. पाण्याचं थोडं वेगळं आहे. शोषलेल्या पाण्याचा अगदी लहानसा वाटाच साखरेच्या कामी येतो. टंचाईत काम मंदावतं ते मुख्यतः पर्णरंध्रं मिटल्यामुळे: पाणी वाचवायला दार लावलं की कार्बन डायऑक्साइडही बाहेरच राहतो.

तर ‘दर’ की ‘वेग’? बोलताना ‘वेग’ म्हटलं तर कुणाचं काही अडत नाही. लिहिताना मात्र मी ‘दर’ घेईन. भौतिकशास्त्रात ‘वेग’ला दिशा चिकटलेली असते, इथे कुणी कुठे जात नाही. मोजायचं असतं ते पानाच्या ठरावीक क्षेत्राने ठरावीक वेळात किती कार्बन डायऑक्साइड घेतला एवढंच, आणि ‘दर मिनिटाला’, ‘दर तासाला’ म्हणताना हा शब्द आपण नेमक्या याच अर्थाने वापरतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकांतही ‘अभिक्रियेचा दर’ रुळलेला आहे. ‘गती’ मात्र टाळा. ‘प्रकाशसंश्लेषणाची गती’ वाचलं की मला प्रकाशाचीच गती आठवते, आणि आपण पुन्हा त्या षष्ठीपाशी येतो.