पुरात घर सोडण्यापूर्वीची आर्थिक तरतूद

प्रश्न : आमचे घर सांगलीत कृष्णाकाठी, तळमजल्यावर आहे. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले, तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. 2021 मध्ये पुन्हा घर रिकामे करावे लागले. घरावर कर्ज आहे आणि कर्ज घेताना बँकेने विमाही काढून दिला होता. पावसाळ्यापूर्वी पैशाची कोणती तयारी ठेवावी? सरकारी मदतीवर किती विसंबावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सर्वांत आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण तिच्याविषयीच गैरसमज अधिक आहे. केवळ पाणी येईल म्हणून घर सोडले, तर टेम्पोचे भाडे, लॉजची खोली, बाहेरचे जेवण यांचा खर्च घराच्या विम्यातून मिळत नाही. पर्यायी जागेचे भाडे विमा देतो, पण घराचे नुकसान होऊन ते राहण्यायोग्य उरले नसेल तेव्हाच. सरकारी निवारा केंद्रात सोय होते, परंतु ज्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध किंवा तान्हे मूल आहे त्यांना बहुधा वेगळी जागा पाहावी लागते. हा खर्च पदरचाच असल्यामुळे इशारा पातळी, म्हणजे 40 फूट, ओलांडली तरी 'आणखी थोडे पाहू' म्हणत लोक 45 फुटांच्या धोका पातळीपर्यंत थांबून राहतात, आणि मग छातीभर पाण्यातून बोटीने निघण्याची वेळ येते. म्हणून निदान दहा दिवसांचा खर्च केवळ याच कारणासाठी वेगळा काढून ठेवावा. त्यातील काही रक्कम शंभर-दोनशेच्या नोटांत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून जवळ असावी. वीज आणि मोबाइलची रेंज गेली की यूपीआय चालत नाही आणि एटीएमही बंद पडते.

आता बँकेने काढून दिलेल्या विम्याविषयी. तो कागद आजच कपाटातून काढून वाचावा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो, घराचा नव्हेच. घराचा असला तरी कधी कर्जाच्या रकमेपुरता आणि फक्त बांधकामाचा असतो. तसे आढळल्यास 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी घ्यावी. 1 एप्रिल 2021 पासून घराचा विमा विकणाऱ्या सर्व सामान्य विमा कंपन्यांना ती ठरवून दिलेल्या एकाच नमुन्यात देणे बंधनकारक करण्यात आले, आणि तिच्यात पुराचा समावेश आहे. विम्याची रक्कम जागेच्या बाजारभावावरून नव्हे, तर चटई क्षेत्र आणि बांधकामाचा चालू दर यांच्या गुणाकाराने ठरते. बांधकामाचा विमा घेतला की त्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, मात्र कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, घरातील सामानालाही आपोआप संरक्षण मिळते. दागिन्यांसाठी वेगळी मागणी करावी लागते. रोख रक्कम आणि वाहन यांचा यात समावेश नाही. ही पॉलिसी एकदम 10 वर्षांपर्यंतचीही घेता येते, आणि नदीकाठच्या घरांनी ती दीर्घ मुदतीची घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नूतनीकरण नेमके पावसाळ्यात चुकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

विम्याइतकाच पुरावाही महत्त्वाचा आहे. मी अनेक वर्षे नुकसानीची पाहणी करण्याचे काम केले. 2019 मध्ये पाणी ओसरल्यावर एका घरी गेलो, तेव्हा त्या ताईंनी चार दिवस राबून भिंती आणि फरश्या घासून लख्ख केल्या होत्या. भिजलेले गहू, गाद्या, मिक्सर, सगळे कचऱ्याच्या गाडीत गेले होते. त्या कष्टांपुढे मला काही बोलवेना, पण लिहायला हाती काही उरलेही नव्हते. शेवटी आतल्या खोलीच्या दारामागे चिखलाची एक पुसट रेष सापडली, ती टेपने मोजली आणि तेवढ्याच आधारावर पाणी कुठवर चढले होते हे अहवालात मांडता आले. म्हणून झाडू हातात घेण्यापूर्वी त्या रेषेला टेप लावून फोटो काढावेत आणि पाहणी होईपर्यंत मोठ्या वस्तू टाकू नयेत. पाणी येण्यापूर्वीच घराची चित्रफीत करावी, फ्रिज-वॉशिंग मशीनच्या मागच्या पट्टीवरील क्रमांकाचे फोटो घ्यावेत आणि ते परगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवावेत. घरात पाणी शिरल्याचे कळताच कंपनीला निवारा केंद्रातूनच कळवावे, घरी परतण्याची वाट पाहू नये.

सरकारी मदत हक्काने घ्यावी, पण तिच्यावर संसार उभा राहत नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांत सपाट भागातील पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये, तर किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 रुपये ठरवले होते. घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिल्यास कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी कुटुंबाला प्रत्येकी 2,500 रुपये त्याच निकषांत होते. 2019 मध्ये राज्य सरकारने सानुग्रह अनुदान म्हणून ग्रामीण कुटुंबांना 10,000 आणि शहरी कुटुंबांना 15,000 रुपये दिले होते. हे सारे पंचनाम्यावर ठरते, त्यामुळे पंचनाम्याच्या वेळी घरातील जाणते माणूस हजर असावे आणि बँक खाते चालू व आधारशी जोडलेले असावे.

बँकेच्या लॉकरमध्ये दागिने ठेवून निर्धास्त होऊ नये. बँकेच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झाले नसेल, तर पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीची भरपाई देण्यास बँक बांधील नसते. शाखा तळघरात असेल तर लॉकर बदलावा.

प्रश्न : आम्ही चिपळूणला भाड्याने राहतो. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुरात सामान गेले. भाडेकरूला विमा मिळतो का, आणि कंपनीने दावा नाकारला तर काय करावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : मिळतो. भाडेकरूला फक्त सामानाचा विमा घेता येतो, आणि तो घ्यावाच, कारण घरमालकाची पॉलिसी आपल्या सामानाला लागू होत नाही. दावा नाकारल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. 30 दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांचे एक कार्यालय पुण्यात आहे. 50 लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे चालतात, शुल्क नसते, वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार दाखल करावी लागते, म्हणून नकाराचे पत्र ज्या पाकिटातून आले ते पाकीटही तारखेसाठी जपून ठेवावे.