रॉब रॉय करताय? आधी व्हरमुथची बाटली बघा

रॉब रॉय हे स्कॉच आणि व्हरमुथचं कॉकटेल. व्हरमुथ म्हणजे वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइनच. उघडी बाटली कपाटात राहिली की आंबूस होते. फ्रीजमध्ये महिनाभर बरी टिकते. बहुतेकांचं इथेच बिघडतं आणि दोष मात्र स्कॉचला!

प्रमाण: ६० मिली ब्लेंडेड स्कॉच (आयला बेटावरची धुरकट स्कॉच सध्या नको, ती व्हरमुथला गिळून टाकते), ३० मिली गोड लाल व्हरमुथ, अंगोस्तुरा बिटर्सचे (कडू, मसालेदार अर्काचे) दोन शिंतोडे. ग्लास आधीच फ्रीजरमध्ये ठेवा.

बर्फाचे खडे मोठे, कोरडे हवेत. चुऱ्याने पेय पाणचट होतं. दुसऱ्या मोठ्या ग्लासात सगळं बर्फावर ओता आणि लांब चमचा काठालगत २५-३० सेकंद शांतपणे फिरवा. थोडं पाणी उतरायलाच हवं, नाहीतर घशाला चटका बसतो. शेकर नको, हवा शिरून पेय गढूळ दिसतं. थंड ग्लासात गाळा, वर एक चेरी.