दीर्घ श्वसनाने गरगरतं का?

प्रश्न : रोज कल्याणहून लोकलने फोर्टला जाते-येते. घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही, चिडचिड होते. ताण कमी व्हावा म्हणून दहा मिनिटं दीर्घ श्वसन सुरू केलं, तर गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. रात्री झोपही लवकर लागत नाही. काय चुकतंय?

उत्तर : तुम्ही बहुधा भराभर, छाती फुगवून श्वास घेताय. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, तो रक्तात आधीच जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. उलट कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त निघून जातो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. श्वास मोठा नको, संथ हवा. पाठ टेकून बसा, एक हात बेंबीवर ठेवा. नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर. म्हणजे मिनिटाला ६ श्वास. हात हलला पाहिजे, खांदे नव्हे. जमत नसेल तर ३ आणि ४ सेकंदांपासून सुरुवात करा. श्वास कोंडून धरू नका. ५ मिनिटं पुरेत, पण स्वयंपाकाला लागण्याआधी; नंतर ते राहूनच जातं!

झोपेचं खोबरं बहुधा चहा करतो. कॅफीन शरीरात निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे सातच्या चहाचा अर्धा अंमल रात्री बारालाही असतो. शेवटचा कप दुपारी तीनला घ्या. संध्याकाळी ताक आणि मूठभर फुटाणे बरे.

तीन आठवड्यांत थकवा हटला नाही, तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या.