मोल्टन कोरची पहिली रेड: मेजने पुलच्या आधी काय ठरवून ठेवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये मेज (जादूगार पात्र) 60 लेव्हलला पोहोचलाय, पाच जणांची डंजन्स व्यवस्थित होतात, आणि आता गिल्डने (खेळाडूंच्या संघाने) येत्या शनिवारी मोल्टन कोरला, म्हणजे 40 जणांच्या मोठ्या मोहिमेला (रेडला) बोलावलंय. 40 जणांत कधी खेळला नाहीत, गिअर (शस्त्रं, कपडे) बेताचा आहे, डॅमेज कमी पडेल अशी धास्ती वाटते, तर तयारी काय करायची?

डॅमेजची धास्ती आधी सोडा. 40 जणांत एका नव्या मेजचं डॅमेज थोडं कमी पडलं तर बॉस काही सेकंद उशिरा मरतो, बाकी काही होत नाही. पण त्याच मेजने टँकवरचा (बॉसचा मार अंगावर घेणाऱ्यावरचा) शाप वेळेवर काढला नाही किंवा अंगावर बॉम्ब असताना तो गर्दीतच उभा राहिला, तर अख्खी रेड आडवी होते. मी बरीच वर्षं रेड लीड करतोय आणि नव्या माणसाकडून माझी अपेक्षा एकच असते: जे पुलच्या (लढाई सुरू करण्याच्या) आधी ठरवता येतं ते पुलच्या आधी ठरलेलं असावं. लढाई सुरू झाली की पडद्यावर 40 जणांचे स्पेल एकमेकांवर चढतात, कानात लीडर बोलत असतो, मॅना (जादूची शक्ती) संपत आलेला असतो. ‘आता मी काय करू?’ हा प्रश्न त्या वेळी पडला तर उशीर झालेलाच असतो. म्हणून खाली जे लिहितोय ते सगळं शनिवारच्या आधी उरकायचं आहे.

पहिलं म्हणजे दार. मोल्टन कोरचं अ‍ॅट्यूनमेंट (आत जायची परवानगी) झालंय का ते आजच बघा. ब्लॅकरॉक माउंटनमध्ये लोथोस रिफ्टवेकर नावाचा एल्फ उभा असतो, त्याच्याकडून क्वेस्ट घ्यायची, ब्लॅकरॉक डेप्थ्सच्या पार आत मोल्टन कोरच्या तोंडाशी पडलेला कोअर फ्रॅगमेंट उचलायचा आणि त्याला आणून द्यायचा. वाचायला सोपं वाटतं, पण तिथवर पोहोचायला धड पाच जणांचा गट लागतो आणि संध्याकाळ जाते. एकदा केलं की पुढे थेट त्याच्याशी बोलून आत जाता येतं. शनिवारी ऐन वेळी ‘माझं अ‍ॅट्यूनमेंट राहिलंय’ असं म्हणणारा माणूस 39 जणांना ताटकळत ठेवतो.

त्याच्याच जोडीला लॉकआउट. मोल्टन कोरचा लॉकआउट आठवड्याचा असतो. ‘जरा बघून येतो’ म्हणून मधल्या दिवसांत एखाद्या अनोळखी गटाबरोबर आत गेलात आणि तिथे एक जरी बॉस मेला, तरी त्या आठवड्यापुरते तुम्ही त्या गटाच्या आयडीला बांधले गेलात. मग गिल्डच्या रेडमध्ये तुम्हाला जागा असूनही आत येता येत नाही. रेडच्या आधी आत डोकवायचं नाही, एवढं पाळा.

आता टॅलंट्स, म्हणजे कोणत्या जादूत जोर लावायचा याची निवड. तुम्ही फायर मेज असाल तर शनिवारच्या आधी ट्रेनरकडे जाऊन फ्रॉस्ट घ्या. नाव मोल्टन कोर आहे. आतले बरेचसे शत्रू, बॉसेस धरून, आगीला दाद देत नाहीत. फायरबॉल टाकाल तर पडद्यावर ‘इम्यून’ लिहून येईल. रीस्पेकचा (टॅलंट्स बदलण्याचा) खर्च दर वेळी चढत जाऊन 50 गोल्डवर थांबतो, त्यामुळे आज फ्रॉस्ट, उद्या फायर असा खेळ महाग पडतो. मोल्टन कोर जेवढे आठवडे करणार तेवढे फ्रॉस्टच राहू द्या. फ्रॉस्टबोल्टची सवय लेव्हलिंग करताना झाली असेलच, पण त्याचा लांबलचक कास्ट (स्पेल टाकण्याची क्रिया) रेडमध्ये मधेच तोडावा लागतो. ती वेगळी सवय आहे, त्याबद्दल पुढे येतंच.

पाण्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण नवे मेज इथे हमखास फसतात. मॅना असलेला प्रत्येक जण तुमच्याकडे मॅना भरून काढणारं पाणी मागणार. हीलर, वॉरलॉक, तुम्ही स्वतः, आणि अलायन्समध्ये असाल तर पॅलाडिनसुद्धा. वाटतं की आदल्या रात्री पिशव्या भरून ठेवाव्यात. तसं चालत नाही. कंज्युअर केलेल्या (जादूने बनवलेल्या) वस्तू लॉग आउट करून 15 मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला की नाहीशा होतात. म्हणजे पाणी त्याच दिवशी, रेडच्या तोंडावर बनवावं लागतं, आणि ते बनवताना तुमचाच मॅना जातो, मग बसून प्यायचं, मग पुन्हा बनवायचं. अर्धा तास आधी या आणि पिशव्यांमध्ये मोकळी जागा ठेवून या. पाण्याची सर्वांत वरची रँक ट्रेनरकडे मिळत नाही. ती डायर मॉलमधल्या मेजच्या क्वेस्टमधून मिळते, 60 ला पोहोचल्यावर. अजून केली नसेल तर या आठवड्यात करा. वरच्या रँकचं पाणी प्यालेला हीलर लवकर उठतो आणि दोन पुलमधला वेळ वाचतो. ही बचत दर पुलला होते, म्हणून मी तिला एखाद्या चांगल्या रोबपेक्षा जास्त किंमत देतो.

पिशवीत आर्केन पावडर हवी. आर्केन ब्रिलियन्स हा मेजचा बफ (ताकद वाढवणारा स्पेल) एका कास्टमध्ये पाच जणांच्या एका गटाला लागतो आणि तासभर टिकतो, पण दर कास्टला एक पावडर खातो. आठ गट म्हणजे एका फेरीला आठ पावडरी. वाइप झाला (सगळे मेले) की बफ जातात आणि पुन्हा फेरी. बाकी मेजबरोबर गट वाटून घ्या. ब्रिलियन्सचं पुस्तक अजून मिळालं नसेल तर लाजू नका, आधीच सांगा, म्हणजे तुमचे गट दुसरा कोणी घेईल. हलकी पिसं आणि पोर्टलचे रून्सही घ्या. पिसांचं काम गेडन या बॉसच्या वेळी पडेल.

पोशन्समध्ये ग्रेटर फायर प्रोटेक्शन पोशन सर्वांत उपयोगी. तो 1950 ते 3250 इतकं आगीचं डॅमेज शोषतो आणि तेवढं शोषून होईपर्यंत, फार तर तासभर, राहतो. मॅना पोशन आणि हा एकाच दोन मिनिटांच्या कूलडाउनवर चालतात. पुलच्या क्षणी फायर पोशन प्यालात तर पुढची दोन मिनिटं मॅना पोशन मिळणार नाही. म्हणून लीडर बॉसबद्दल बोलत असतो तेव्हाच फायर पोशन प्या. त्याचं बोलणं संपून पुल होईतो कूलडाउन सुटलेला असतो. मॅना रूबी (मॅना परत देणारा जादूचा खडा) बनवून ठेवलेली असावी, तिचा पोशनच्या कूलडाउनशी संबंध नाही. फ्लास्कचा परिणाम तुम्ही मेल्यावरही टिकतो, एलिक्झिरचा मेल्यावर जातो. पण पहिल्याच रेडला फ्लास्कवर गोल्ड उधळू नका, ते पैसे पोशन्समध्ये घाला.

आता खरं काम, शाप.

आत तीन बॉस असे आहेत जे रेडवर शाप टाकतात, आणि शाप काढता येतात ते फक्त मेजना आणि ड्रुइडना. पहिला ल्युसिफ्रॉन. त्याच्या शापाने प्रत्येक अ‍ॅबिलिटीचा खर्च दुप्पट होतो, म्हणजे हीलरचा मॅना डोळ्यांदेखत संपतो. दुसरा गेहेन्नास. त्याच्या शापाने मिळणारं हीलिंग 75 टक्क्यांनी घटतं. तिसरा शाझरा. त्याचा शाप तुमच्यावर होणारं मॅजिक डॅमेज दुप्पट करतो. तिन्ही शाप पाच मिनिटं टिकतात. आपोआप उतरतील म्हणून थांबायची सोय नाही.

गेहेन्नासच्या वेळी टँकवर शाप बसला की काय होतं ते बारकाईने सांगतो, कारण हे एकदा डोळ्यांसमोर आलं की तुमचा प्राधान्यक्रम कायमचा बदलतो. टँकवर नेहमीसारखेच हील्स येत असतात. पण 1000 चा हील 250 चा होऊन पोहोचतो. हीलरला वाटतं आपण कमी पडतोय, तो मोठा आणि महाग हील टाकायला लागतो. टँक तरीही खाली खाली येतो. पाच-सहा सेकंदांत हे संपतं, आणि मग व्हॉइस चॅटवर हीलरला बोल लागतात. खरी चूक त्या मेजची असते, जो अर्धा कास्ट झालेला फ्रॉस्टबोल्ट सोडवत नव्हता म्हणून शाप काढायला थांबला. डॅमेज मीटरवर तो पहिल्या पाचात दिसतो. मला असा मेज रेडमध्ये नको असतो. कास्ट मधेच तोडा. शाप काढायला कूलडाउन नाही, दीड सेकंदाचा एक ग्लोबल (दोन स्पेलमधली सक्तीची थांब) जातो, बस.

याची तयारी घरबसल्या होते. क्लासिकमधला हा स्पेल म्हणजे रिमूव्ह लेसर कर्स. त्याचा माउसओव्हर मॅक्रो करा, म्हणजे टार्गेट न बदलता रेड फ्रेमवर (रेडमधल्या त्या माणसाच्या चौकोनावर) कर्सर नेऊन बटण दाबलं की त्या माणसाचा शाप निघेल. रेड फ्रेम्सच्या सेटिंगमध्ये फक्त आपल्याला काढता येतील असे डिबफ (अंगावर बसलेले वाईट परिणाम) दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा, नाहीतर 40 चौकोनांत नको ते आयकॉन दिसत राहतात. फ्रेम्स कोपऱ्यात ठेवू नका. तुमच्या पात्राच्या जवळ, नजर फार हलवावी लागणार नाही अशा जागी आणा. मग पाच जणांच्या डंजनमध्ये, शाप टाकणारे शत्रू असतील तिथे, हात बसवून घ्या.

आणि वाटणी. रेडमध्ये चार मेज असतील तर प्रत्येकी दोन गट येतात. टँक्स कोणाच्या वाटणीला आहेत हे पुलच्या आधी बोलून ठरलं पाहिजे. ‘सगळे मिळून काढू’ असं ठरलं की तिघे जण एकाच माणसाचा शाप काढतात आणि टँक तसाच राहतो.

बॅरन गेडन हा आणखी एक बॉस ज्याच्यासाठी आधी ठरवून ठेवायचं. तो कोणावरही लिव्हिंग बॉम्ब टाकतो. आठ सेकंदांनी बॉम्ब फुटतो, आजूबाजूच्यांना जबर डॅमेज होतं आणि ज्याच्यावर बॉम्ब असतो तो हवेत उडतो. आठ सेकंद पुरेसे आहेत, पण कुठे पळायचं हे माहीत असेल तरच. पुलच्या आधी कॅमेरा फिरवून बघा, रिकामी भिंत किंवा कोपरा नक्की करा, आणि तुमच्या नि त्या जागेच्या मधे माणसं नाहीत अशाच ठिकाणी उभे राहा. ब्लिंक वापरणार असाल तर तोंड त्या दिशेला वळल्यावरच दाबा. घाईत दाबलेला ब्लिंक मी मेजना थेट हीलर्सच्या घोळक्यात नेताना पाहिलाय. वर उडालात की स्लो फॉल, त्यासाठीच पिसं. डीबीएम किंवा बिगविग्ज यांपैकी एक अ‍ॅडऑन असू द्या, आपल्यावर बॉम्ब आल्याचं ते ठळकपणे सांगतात.

मेजॉर्डोमो एक्झेक्युटस या बॉसपाशी तुमचा पॉलिमॉर्फ (शत्रूला मेंढी बनवून थोपवणारा स्पेल) लागतो. त्याच्याबरोबर आठ जण असतात, त्यांतल्या चार हीलर्सना मेज पॉलिमॉर्फ करतात. तुमच्या वाट्याच्या हीलरवरचं चिन्ह कोणतं ते लिहून ठेवा आणि त्या एकाचीच काळजी घ्या. आठांतले चार मेले की उरलेल्यांवर पॉलिमॉर्फ चालत नाही, तेव्हा टँक तयार आहेत ना ते बघा. तिथे मॅजिक रिफ्लेक्शनही येतं. ते दिसलं की हात थांबवायचा, नाहीतर तुमचाच फ्रॉस्टबोल्ट तुमच्यावर उलटतो.

थ्रेट मीटर (बॉसचा कोणावर किती रोख आहे ते दाखवणारं) लावा. लांबून मारणाऱ्याचा थ्रेट टँकच्या 130 टक्क्यांवर गेला की बॉस वळतो, जवळून मारणाऱ्याचा 110 वर. क्लासिकमध्ये सुरुवातीचे काही सेकंद टँकला द्यावेच लागतात. फायर रेझिस्टन्सच्या गिअरच्या मागे लागू नका, ती प्रामुख्याने टँकची गरज आहे.

माइक चालत नसेल तरी ऐकू यायला हवं, तेवढं आधी तपासा. ग्राफिक्स उतरवा, 40 जणांत फ्रेम्स पडतातच, आणि स्पेल इफेक्ट्स कमी केले की जमिनीवरची आग निदान दिसते. शक्य असेल तर वायफायऐवजी केबल.

पुढे दुसऱ्या गेमकडे वळलात तर एक फरक जाणवेल. फायनल फँटसी 14 मध्ये मुख्य रेड आठ जणांची असते, दोन टँक, दोन हीलर, चार डीपीएस (डॅमेज करणारे). गिल्ड वॉर्स 2 मध्ये 2015 पासून दहा जणांच्या रेड्स आहेत. आजच्या वॉरक्राफ्टची मिथिक (सर्वांत अवघड) पातळी नेमकी 20 जणांची. गट जितका लहान तितकी एकेकाची चूक महाग. मोल्टन कोर त्या मानाने माफ करणारा आहे, चार-पाच जण पडले तरी बॉस बहुधा मरतो. म्हणूनच शिकायला ही जागा चांगली आहे. वाइप झाला तर घाबरू नका, फक्त धावत परत येताना आपण कशाने मेलो ते कॉम्बॅट लॉगमध्ये बघा.

आणि आज रात्रीच रेड लीडरला किंवा मेजांच्या मुखियाला तीन गोष्टी विचारून घ्या: शापांसाठी माझे गट कोणते, ब्रिलियन्ससाठी कोणते, आणि मेजॉर्डोमोपाशी माझं चिन्ह कोणतं. उत्तर ‘तेव्हा बघू’ असं आलं तर बाकी मेजना तुम्हीच मेसेज करून वाटणी सुचवा. नवा माणूस हे विचारतोय याचा राग कोणी धरत नाही, उलट पुढच्या आठवड्याच्या यादीत त्याचं नाव आधी लिहिलं जातं.