कार्डाकडून नुसतं ‘एफएफ’ येतंय, फील्ड बदलू का?

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. उसाच्या शेतातल्या ओलाव्याची नोंद ठेवणारा डेटा लॉगर हा आमचा प्रोजेक्ट. एसडी कार्डाचा डाउनलोड केलेला ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) विकतच्या एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावर चालला, पण आम्ही बनवलेल्या सर्किट बोर्डावर (पीसीबीवर) तीन आठवडे झाले चालत नाही. कार्ड वाचावं तर नुसतं एफएफ, म्हणजे बाइटातले सगळे बिट १. गाइड सर म्हणतात, कोड दुसऱ्याचा, त्यात तुमचं काय? वडील म्हणतात, वेब डेव्हलपमेंटचा क्लास लाव. काय करू?

उत्तर: आधी एफएफचं बघू, करिअर कुठे पळून जात नाही.

एफएफ म्हणजे कार्ड चुकीचं उत्तर देतंय असं नव्हे, ते बहुधा बोलतच नाहीये. डेटाची लाइन पुल-अप रेझिस्टरने वर ओढलेली असते. ती कोणी खाली आणली नाही, की सगळे बिट १ दिसतात. तेव्हा फाइल सिस्टिम खणत बसू नकोस. फॅटएफएस ही तयार फाइल सिस्टिम वापरत असशील तर त्याच्या मुख्य फाइलला हातही लावू नकोस. तुझ्या बोर्डाशी संबंध येतो तो तिच्या डिस्कआयओ फाइलमधल्या मोजक्या फंक्शनांचा: कार्ड सुरू कर, स्थिती सांग, सेक्टर वाच, सेक्टर लिही, असली.

सॉकेटवर ३.३ व्होल्ट येतात का ते मल्टिमीटरने बघ. चिप सिलेक्टची, म्हणजे कार्डाला ‘तुझ्याशी बोलतोय’ असं सांगणारी, पिन कोडात अजून जुन्याच बोर्डाची नाही ना, तेही बघ. पैज लावायची तर मी याच पिनवर लावेन. मग लॉजिक अ‍ॅनालायझर जोड, म्हणजे तारांवरचे सिग्नल नोंदवून दाखवणारं यंत्र; आठ चॅनेलचं स्वस्तातलं पुरतं. चिप सिलेक्टची पिन वर (३.३ व्होल्टवर) असताना किमान ७४ क्लॉक दिसले पाहिजेत, तेही १०० ते ४०० किलोहर्ट्झच्या दरम्यान. नंतर ती पिन खाली आणून सीएमडी० ही रीसेटची कमांड: हेक्स ४०, चार बाइट शून्य, शेवटी ९५. कार्ड जागं असेल तर काही बाइटांतच ०१ येतं. तुमच्या पीसीबीवरचा क्रिस्टल वेगळा असेल, तर तोच प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) ठेवूनही एसपीआयचा, म्हणजे कार्डाशी बोलायच्या तारांचा, वेग बदलतो, हे विसरू नकोस.

०१ दिसल्यावरचा खड्डा पत्त्यांचा. २ जीबीपर्यंतच्या जुन्या कार्डांना बाइटचा पत्ता लागतो, त्याहून मोठ्या एसडीएचसी कार्डांना ५१२ बाइटच्या सेक्टरचा क्रमांक. इथे घोळ झाला की शून्यावा सेक्टर नीट वाचला जातो आणि पुढचं सगळं भलतंच येतं.

समुपदेशनाकडे वळण्याआधी मीही फर्मवेअरच, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, लिहायचो. एकदा कार्ड वाचलं जायचं, लिहायला गेलं की गप्प. दोन दिवस कोड उलटापालटा केला. लिहिताना कार्डाला १०० मिलीअँपिअरपर्यंत लागू शकतात आणि आमचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) तिथे मान टाकत होता. सर्किट मीच काढलेलं, त्यामुळे ओरडायलाही कोणी नव्हतं.

आता सरांचा मुद्दा. दुसऱ्याचा ड्रायव्हर आपल्या बोर्डावर बसवणं यालाच पोर्टिंग म्हणतात, आणि या क्षेत्रात पगार त्याचा मिळतो. शून्यापासून ड्रायव्हर लिहायला कंपनीला सहसा वेळ नसतो. मात्र मूळ लेखकाचं नाव आणि लायसन्सची नोंद फाइलीत तशीच ठेव, आणि आपण बदललेल्या ओळी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वेगळ्या दिसू देत. मुलाखतीत ‘ड्रायव्हर मी लिहिला’ म्हणालास, तर पुढच्या दोन प्रश्नांत उघडा पडशील. ‘हे अडलं, असं शोधलं, हा सिग्नलचा ट्रेस’ म्हणालास तर समोरचा खुर्ची पुढे ओढेल.

वडिलांचंही अगदीच चूक नाही. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांत एम्बेडेडवाल्या, म्हणजे यंत्रांतल्या चिपसाठी कोड लिहिणाऱ्या, कमी असतात, म्हणून अ‍ॅप्टिट्यूड आणि डेटा स्ट्रक्चर्स सोडू नकोस. पण फी भरून क्लास लावायची घाई नको. पदवीनंतर पुण्यात सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा पीजी डिप्लोमा आहे, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. तोवर डब्ल्यू२५क्यू१२८ फ्लॅश चिपचं छोटं मॉड्यूल आण. ९एफ कमांड दिली की ईएफ ४० १८ अशी ओळख यायला हवी. तिथे लिहिताना बिट १ चा ० होतो, ० चा १ करायला मात्र ४ केबीचा अख्खा सेक्टर पुसावा लागतो. मग लिनक्सचं डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय काय आहे हे लिनक्सला सांगणारी यादी, शिकून घे.

घरी महिनाभराची मुदत मागून घे. आणि ०१ आलं की ट्रेसचा फोटो मला पाठव. नाही आलं, तर सर्किटचा पाठव.